बावीसचा धडा

११ सप्टेंबर

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक वही करा आणि रोज सकाळी आकडा लिहीत जा. म्हणून आमच्या कपड्यांच्या कारखान्यातून ही जाड वही आणली. पुढून बाबांचं बीपी, मागून मी. दोनशे पानं नुसत्या आकड्यांनी थोडीच भरणार आहेत?

गेलो होतो गुडघा दाखवायला. नर्सने सवयीने दंडाला पट्टा बांधला, मग पुन्हा बांधला, मग बाईंना बोलावून आणलं. वरचा आकडा १७४, खालचा ८२. परत येताना बाबा म्हणाले, "गुडघा घेऊन गेलो होतो, तू हृदय गळ्यात बांधून आणलंस."

बाईंनी नीट समजावलं. हृदय आवळतं तेव्हा रक्त नळ्यांना जो रेटा देतं तो वरचा आकडा. ते सैल पडतं तेव्हा उरतो तो खालचा. वय झालं की नळ्या ताठ होतात. मग खालचा शहाण्यासारखा जागेवर बसतो आणि वरचा एकटाच चढत जातो. मला लगेच कळलं. जुनं इलॅस्टिक. ताणायचं विसरतं आणि कमरेला रुततं.

"पण मला काहीच होत नाहीये," बाबा म्हणाले.

"तेच तर," बाई म्हणाल्या. "हा बोलून दाखवत नाही. आतल्या आत मेंदू, हृदय, मूत्रपिंडं, सगळीकडे हात फिरवत असतो."

बाबांनी शेजारच्या काकांचं शास्त्र पुढे केलं: वय अधिक शंभर म्हणजे नॉर्मल. शहात्तर अधिक शंभर, एकशे शहात्तर. उलट दोन कमीच भरलेत. बाई हसल्या. "मग मी शंभरीला टेकले की दोनशे चालतील म्हणा!"

रोज एक गोळी. मीठ कमी. घरी मोजायला मशीन.

१४ सप्टेंबर

मशीन आलं. बाबांनी आधी ते उलटं करून पाहिलं. "शिक्का कुठाय?"

छत्तीस वर्षं ते वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर होते. बाजारात शिरले की दुकानदार तराजू पुसायला लागायचे. बिनशिक्क्याच्या मापाने घरात दूध मोजलेलंही त्यांना चालत नाही. मी म्हटलं, "बाबा, हे कंपनीतून तपासून येतं."

"चोरही घरून आंघोळ करूनच निघतो."

पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा हृदयाच्या उंचीला, बोलायचं नाही. शेवटची अट सगळ्यात कठीण गेली. १७६.

२६ सप्टेंबर

आज दवाखान्यात १५०. बाबांनी मान अशी वर केली की जणू पदक मिळालं. सकाळीच घरी १७२ आले होते.

"बावीसचा फरक," बाहेर आल्यावर म्हणाले. "तुझ्या त्या खोक्यात बावीसचा धडा आहे, छटाक."

मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, कमरेला टेप आणि कानामागे खडू घेऊन हिंडते, तरी त्यांच्या लेखी छटाकच. जन्मले तेव्हा हाताला तेवढीच लागले म्हणे. आणि धडा म्हणजे तराजूचा. तेल मोजताना आधी रिकामं भांडं एका पारड्यात ठेवतात आणि दुसऱ्यात तेवढंच वजन टाकतात, भांड्याचा भार गिऱ्हाइकाच्या माथी पडू नये म्हणून. लहानपणी मला वाटायचं, शाळेच्या पुस्तकातले धडेही असंच काहीतरी वजा करण्यासाठी असतात.

बाईंना मी फरकाचं विचारलं होतं. त्या म्हणाल्या, सकाळी गोळीच्या आधी मोजता, इथे गोळी घेऊन तासभर बसलेले असता, फरक पडणारच. पुढच्या वेळी मशीन घेऊन या, दोन्ही शेजारी लावून बघू. मी घरी आल्यावर बाबांना दम दिला: "वजाबाकी करायची नाही. मशीन दाखवेल तेच सांगायचं."

"बरं, बाईसाहेब."

६ ऑक्टोबर

कारखान्यात नर्सिंग शाळेच्या गणवेशांची कापणी चालू आहे. एका वेळी चाळीस थर. हात जरा हलला की चाळीस बाह्या वाया. दुपारी मालकीणबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, काही चुकलं. तर म्हणाल्या, दुसऱ्या गावी नवा कारखाना काढतोय, तिथली सगळी कापणी तू बघ. निदान वर्षभर. टेबल तुझ्या पसंतीचं, माणसंही तुझ्या पसंतीची.

रेल्वेने अकरा तास.

संध्याकाळपर्यंत माझे कान गरम होते. बारा वर्षांपूर्वी संसार मोडून एक बॅग घेऊन बाबांच्या दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, "जेवलीस?" त्यानंतर मला कुणी, कुठे, कशासाठीही बोलावलं नव्हतं.

७ ऑक्टोबर

बाबांना सांगितलं. "जा की. मी काय दूध पितोय का?"

"तुमचा वरचा आकडा दीडशेच्या आत राहिला तर जाईन. महिना-दीड महिना रोज. एक दिवस वर गेला तरी नाही."

"लेखी देतेस?"

मी खरंच वहीत लिहिलं आणि सही केली. त्यांनीही खाली सही ठोकली, जुन्या सवयीने तारखेसकट.

१३ ऑक्टोबर

१४६, १४४, १४७, १४४, १४८. गोळीने काम केलं! बाबा आता स्वतःच मोजतात. मी स्वयंपाकघरात डबा भरत असते, ते बाहेरच्या खोलीतून आकडा पुकारतात. आधी जरा थांबतात, मग ठणठणीत आवाजात. बाजारात तराजू तपासून असंच पुकारत असणार: पास! मी हात पुसते आणि लिहिते. दिवसातला हा क्षण मला फार आवडायला लागला आहे.

२४ ऑक्टोबर

आज पट्टा फुगल्याचा आवाज दोनदा आला. विचारलं तर म्हणाले, पहिल्या वेळी मध्येच खोकलो. १४५.

फिरायला जातात पण लवकर परततात. बागेतल्या दुसऱ्या बाकापर्यंतच जातो, पुढच्या बाकावर एक कवी बसतो, म्हणाले.

१ नोव्हेंबर

दवाखाना. तिथे १५८. बाईंनी वही चाळली. पान भरून एकशे चाळीस ते एकशे अठ्ठेचाळीस, माझ्या सुवाच्य अक्षरात. "घरी छान आहे की. काहींचा दवाखान्यात आल्यावर चढतो," त्या म्हणाल्या. बाबा खुर्चीतून उठताना टेबल धरत होते. मीच सांगितलं, त्यांना हल्ली उठताना गरगरतं. बाईंनी थोडा विचार केला आणि गोळी अर्धी केली. "घरचे आकडे असेच असतील तर एवढी पुरेल. मशीन आणलंय का?"

"विसरलो," बाबा म्हणाले.

छत्तीस वर्षांत एकदाही शिक्क्यांची पेटी न विसरलेला माणूस. वय झालं खरं.

घरी येऊन मालकीणबाईंना फोन केला. येते म्हणाले. दोन डिसेंबरचं तिकीट.

९ नोव्हेंबर

बाबांसाठी चार सदरे कापले, जाण्याआधी शिवून ठेवावेत म्हणून. दंडात ऐसपैस ठेवले, पट्टा बांधताना बाही सहज वर जावी. बाबा माप द्यायला उभे राहिले आणि मला चिडवायला लागले. "तुझ्या धंद्यात बरं आहे. दोन इंच जास्त कापायचं आणि त्याला माया म्हणायचं. आमच्याकडे दोन ग्रॅम जास्त-कमी झालं की खटला."

"माया ठेवली नाही तर उसवल्यावर काय करणार?"

माप घेताना मला दिसलं, डाव्या दंडावर पट्ट्याचा वळ होता. इतका घट्ट नका बांधू म्हटलं. काल तीनदा मोजलं, ते म्हणाले. का, तर करमत नव्हतं.

१७ नोव्हेंबर

१४८. सकाळी डोक्याच्या मागे जड वाटतं म्हणाले. उशी बदलली.

मलाच झोप नीट लागत नाही. कामाच्या मध्येच मनात येतं, त्यांना असं टाकून जाणं बरोबर आहे का? मग वहीची पुढची पानं काढून बघते. चाळीस दिवस, एकही आकडा दीडशेला शिवलेला नाही. कागदावर इतकं स्वच्छ असताना माझ्या मनाला मळ कसला लागलाय?

बाबांना बोलून दाखवलं. म्हणाले, "छटाक, तराजू एकदा पास केला की पुन्हा पुन्हा त्याच्याकडे संशयाने बघायचं नसतं. त्यालाही वाईट वाटतं."

२४ नोव्हेंबर

सकाळी सात. मी डबा भरत होते. बाबा बाहेरच्या खोलीत. पट्टा फुगला, सुटला.

"एकशे..." ते म्हणाले.

मी पेन उघडलं.

"एकशे..."

मी पेन धरून थांबले. मला वाटलं, गंमत करतायत. वहीत तारीख घालून ठेवली. "किती बाबा? एकशे किती?"

"एक... शे..."

तेव्हा बाहेर गेले. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती. उजवा हात मांडीवर उताणा पडला होता. दुसऱ्या दंडाला अजून पट्टा होता आणि मशीनवर २०८.

मी पेन धरून थांबले होते.

२५ नोव्हेंबर

मेंदूत रक्ताची गाठ. वेळेत आणलंत, हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले. किती वेळ गेला ते त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे. तीन वेळा एकशे म्हणायला लागतो तेवढा.

२८ नोव्हेंबर

इथल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, घरी प्रेशर किती असायचं? मी वही पुढे केली. खरं तर मला त्या वहीचा अभिमान होता. त्यांनी तीन पानं उलटली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पानं उलटली. "कोण मोजायचं?"

"ते स्वतः."

"हं," म्हणाले आणि वही बंद करून दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली, जपून, जशी एखादी जड वस्तू देतात.

१ डिसेंबर

कपडे घ्यायला घरी आले. मशीन टेबलावर तसंच होतं. पट्टा गुंडाळताना बाजूचं बटण दाबलं गेलं आणि पडद्यावर आकडे येऊ लागले. तारखेसकट. आत साठवलेले असतात हे मला माहीत नव्हतं. त्यांनाही नसणार, नाहीतर पुसून टाकले असते.

मी वही उघडली आणि खाली जमिनीवर बसले.

१३ ऑक्टोबर: वहीत १४८, मशीनमध्ये १७०.
२४ ऑक्टोबर: वहीत १४५, मशीनमध्ये आधी १७३, मग १६७.
१ नोव्हेंबर: वहीत १४४, मशीनमध्ये १६६.

रोज बरोबर बावीस. एकाचाही फरक नाही. इथवर मी त्यांना समजू शकले. त्यांचा खरंच विश्वास होता की मशीनमध्ये बावीसचा धडा आहे, आणि भांड्याचं वजन कुणाच्या माथी मारणं त्यांच्या रक्तात नाही.

पण गोळी अर्धी झाल्यावर आकडे चढायला लागले. ६ नोव्हेंबर, मशीनमध्ये १७६. बावीस वजा केले तर १५४. वहीत १४६.
१७ नोव्हेंबर, मशीनमध्ये १९०. वहीत १४८.
२३ नोव्हेंबर, १९४. वहीत १४९.

धडा वाढत गेला होता. बावीस, तीस, बेचाळीस, पंचेचाळीस. एवढं रिकाम्या भांड्याचं वजन नसतं. वहीच्या पहिल्या पानांवर आमच्या दोघांच्या सह्या आहेत. दीडशेच्या आत. लेखी.

दूधवाल्याने बेल वाजवली, मी उठले नाही.

२ डिसेंबर

माझी गाडी आज सकाळी सुटली असेल.

बाबांजवळ बसले होते. मनात नुसता संताप. हलवून विचारावं, का केलंत? मला काय वाटेल याचा विचार नाही केलात? पण ज्याला "पाणी" हा शब्द सापडत नाहीये त्याच्याशी भांडायचं कसं? त्यांनी डाव्या हाताने माझा हात थोपटला. मी तो काढून घेतला. मग पुन्हा त्यांच्या हाताखाली ठेवला.

५ डिसेंबर

डॉक्टरांना सगळं सांगितलं. विचारलं, खरे आकडे लिहिले असते तर?

"गोळी कमी केली नसती. वाढवली असती," ते म्हणाले. "पण मग हे टळलंच असतं का? सांगता येत नाही. टळण्याची शक्यता जास्त होती, एवढंच."

किती जास्त? याचं माप कुणाकडे नाही. मी रोज त्याचा हिशोब मांडते. मी अट घातली नसती तर. मशीन घेऊन जायला मी विसरले नसते तर. उशी बदलण्याऐवजी त्यांच्या शेजारी एकदा बसले असते तर. चाळीस थर बिनचूक कापणारी बाई, आणि समोरच्या खोलीत चाललेली वजाबाकी ऐकू आली नाही.

११ डिसेंबर

मालकीणबाई भेटायला आल्या. तिकडची जागा दुसऱ्या कुणाला तरी दिली. द्यावीच लागणार होती. जाताना दारात म्हणाल्या, "इथलं टेबल कुठे पळून जात नाही. आणि तू तरी कुठे पळणार आहेस म्हणा." वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांनाच कसंतरी झालं. मी म्हटलं, खरंच आहे.

२२ डिसेंबर

बाबा घरी. उजवी बाजू अजून त्यांची नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाई येतात, त्यांना चित्रं दाखवतात. कपाच्या चित्राला बाबा "शिक्का" म्हणाले. चावीलाही शिक्का. माझ्याकडे बोट करून बाईंनी विचारलं, "या कोण?" खूप वेळ गेला. कपाळावर घाम आला. शेवटी त्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणून इतकंसं करून दाखवलं. बाईंना काही कळलं नाही.

४ जानेवारी

नव्या सदऱ्यांच्या उजव्या बाह्या उसवल्या आणि बाजूने नाड्या लावल्या. हात उचलावा लागत नाही. कापड पुरलं.

शेजारचे काका आले होते. गप्पा मारता मारता म्हणाले, "माझा एकशे ऐंशी असतो, मला काय धाड भरलीये?" मी त्यांना मशीनजवळ बसवलं, आकडा चिठ्ठीवर लिहून खिशात घातला आणि त्यांच्या सुनेला फोन केला. जाताना माझ्यावर रागावले होते. रागावू देत.

१५ जानेवारी

आता मी मोजते. पाच मिनिटं दोघंही शांत बसतो. ही अट आता आम्हाला मुळीच अवघड जात नाही. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, डावा हात उशीवर, हृदयाच्या उंचीला. पट्टा फुगताना ते माझ्या तोंडाकडे बघतात, पडद्याकडे नाही. आकडा ते तिथूनच वाचत असणार.

आज १६४. गेले चार दिवस चढतोच आहे. गोळ्या पूर्ण, मीठ नाही, मी समोर, तरी चढतो. दहा वाजता डॉक्टरीणबाईंना फोन करायचा आहे. त्या गोळी बदलतील, मग पुन्हा बघायचं. याहून जास्त माझ्या हातात काही नाही.

बाबांनी भुवया उंचावल्या. किती?

काल त्यांना जेवण गेलं नव्हतं. परवा आकडा ऐकून भिंतीकडे तोंड करून बसले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "एकशे बेचाळीस."

ते माझ्याकडे बघत राहिले. छत्तीस वर्षं दुकानदारांकडे बघत असतील तसे. मग डावा हात वर केला, अंगठा आणि बोटात न दिसणारा तराजू धरला, तो हळूहळू स्थिर होऊ दिला.

"ध...डा?"

दोन महिन्यांत पहिल्यांदा योग्य शब्द योग्य जागी आला होता.

"हो," मी म्हटलं. "बावीसचा."

त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू आलं. दुसरा अर्धा तसाच राहिला. मलाही हसू आलं आणि त्याच्या मागोमाग दुसरंही काही आलं, ते मी बाहीला पुसलं. मग ते हसायचे थांबले. हात पुढे करून त्यांनी वही माझ्याकडे सरकवली, पुढची बाजू वर करून, आणि रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. ओळ बरोबर होती.

"लि... ही," म्हणाले.

मी १६४ लिहिलं. त्यांनी वाकून पाहिलं, आणि मगच ओळीवरचं बोट उचललं.